करीच्या दिवशी कलंडलेले विमान

ते पिवळे विमान अजूनही माझ्या झोपेत येते. आवाज न करता येते, हे विशेष. प्रत्यक्षात त्याचा आवाज असा कर्कश होता की गावातली कुत्री शेपूट घालून पळत. झोपेत मात्र ते नाक वर करून ओल्या गवतावरून हळूहळू सरकत येते, आणि त्याच्या वाटेच्या कडेला एक बैल उभा असतो. मी ओरडायला तोंड उघडतो आणि जागा होतो. खाली अमरावतीतल्या राजापेठेच्या रस्त्यावर ट्यूशनला निघालेल्या पोरांच्या गाड्यांचे हॉर्न चाललेले असतात. बायको चहाचा कप ठेवत म्हणते, "आले का पुन्हा ठाण्यात जाऊन?"

गोष्ट साठच्या दशकातली. अकोला आणि अमरावतीच्या मधल्या एका ठाण्यावर मी ठाणेदार होतो. गावाचे नाव सांगत नाही, माणसांची तर नाहीच. त्यांची नातवंडे आज तिथे नांदताहेत, त्यांच्या मागे उगाच गोष्टी कशाला लावायच्या?

गावाबाहेर एक धावपट्टी होती. मोठ्या लढाईच्या काळात सरकारने काळी कसदार जमीन घेऊन ती बांधली, लढाई संपली आणि पट्टी तशीच पडून राहिली. डांबराच्या भेगांतून गवत उगवले. तिची राखण करायला एक चौकीदार नेमलेला होता, बस्स. मग कपाशीवर विमानातून औषध फवारायचे दिवस आले आणि त्या मेलेल्या पट्टीत पुन्हा जीव आला. पावसाळा अर्ध्यावर आला की एक लहानसे पिवळे विमान तिथे उतरायचे. त्यात पायलट एकटाच. मुक्कामाला ते कडुलिंबाच्या झाडाखाली उभे असे. सकाळी पायलट ते झाडापासून पट्टीच्या टोकापर्यंत गवतावरच्या वाटेने चाकांवर चालवत नेई. या चालवत नेण्याला ते लोक टॅक्सी करणे म्हणतात. मला तेव्हा टॅक्सी म्हटले की मुंबईच आठवायची.

मला वाटायचे, विमानाला धोका असतो तो आभाळात. जमिनीवर ते काय, बैलगाडीसारखेच चालणार! पण त्या जातीच्या विमानाचे शेपूट जमिनीला टेकलेले असते आणि नाक आभाळाकडे. आत बसलेल्या माणसाला समोरची जमीन दिसतच नाही. आणि समोर फिरत असतो पंखा, ज्याला मातीचे ढेकूळ लागले तरी खेळ संपतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीच्या सकाळी, मी ठाण्यात हजेरी घेत होतो. अर्धे शिपाई पुरणपोळीने सुस्तावलेले. इतक्यात पोलीस पाटील सायकल दामटत आला. "साहेब, इमान उलटलं! पायलटचं डोस्कं फुटलं!"

आम्ही पोचलो तेव्हा शेतांवर धुई होती, सकाळचे पातळ धुके, दुधाच्या सायीसारखे. त्या धुईत ते विमान नाक जमिनीत खुपसून उभे होते. शेपूट वर, पंखा मोडलेला, आणि औषधाचा उग्र वास सगळीकडे. ते दृश्य खरे वाटतच नव्हते. पायलट गवतावर बसला होता, कपाळाला रुमाल दाबून. तो दक्षिणेकडचा, हिंदी तोडकेमोडके बोलणारा, स्वभावाने शांत. जिवावर बेतले नव्हते, हे नशीब. डावे चाक वाटेतल्या एका खड्ड्यात गेले होते. खड्डा जुना नव्हता. हातभर खोल, नुकताच खणून मऊ मातीने बुजवलेला, आणि रात्री पाऊस पडल्यामुळे माती चिखल होऊन बसलेली. वरून काही कळू नये, पण वजन पडले की चाक गपकन आत.

पंचनामा केला, पायलटला दवाखान्यात पाठवले. तेवढ्यात पोलीस पाटलाने मला बाजूला घेतले.

"साहेब, बोलू का नको, पण सांगतो. काल सांजच्याले इथं चौकीदार सब्बल घेऊन खंदून राहिला होता. म्या सोता पाह्यलं."

"काल पोळा होता. तू इथे काय करत होतास?"

"बैल घेऊन घरी चाललो होतो ना जी, याच रस्त्यानं."

चौकीदार बौद्ध. छप्पन साली त्याच्या वस्तीने दीक्षा घेतली आणि गावकीची कामे सोडली. मेलेली ढोरे ओढायची नाहीत, पोळ्याला डफडे वाजवायचे नाही, तोरण बांधायचे नाही. गावाला ते झोंबले होते. बरीच वर्षे झाली तरी पाटलाच्या आवाजात ती जळजळ होती. "लय ताठला आहे तो, साहेब. सरकारी नोकरी हाये ना," तो म्हणाला.

मी चौकीदाराला ठाण्यात आणवले. चाळिशीचा, सडपातळ, कपडे स्वच्छ. टोपी काढून उभा राहिला.

"खड्डा कोणी खणला?"

"म्या खणला, साहेब."

माझे पुढचे चार प्रश्न तयार होते, ते तसेच राहिले. इतक्या सरळ कबुलीची सवय पोलिसांना नसते.

"बुजवला कोणी?"

"म्याच. आज करीच्या दिवशी कोनी कामाले येत नायी, इमान उडनार नायी असं वाटलं मले. सकाळी धुमस मारून माती बसवनार होतो. माहं चुकलं."

"पण खणला काहून?"

इथे त्याने मान खाली घातली. कितीही विचारले, समजावले, दरडावले, तरी हूं की चूं नाही. जमादार बाह्या सरसावून म्हणाला, "साहेब, दोन ठेवून देऊ का? आत्ता बोलंन." मी त्याला डोळ्यांनी गप्प केले. मार खाऊन बोललेला माणूस जे तुम्हाला हवे तेच बोलतो, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षीच पाहिले होते.

अकोल्याहून डीएसपी साहेबांचा फोन आला. सीमेवरची लढाई होऊन फार काळ लोटला नव्हता, आणि विमान म्हटले की वरच्यांना लगेच शत्रूचा हात दिसायचा. "कबुली आहे ना? मग घातपाताचा गुन्हा लावून टाका, उगाच घोळ घालू नका," साहेब म्हणाले. घातपात म्हणजे त्या माणसाची नोकरी तर गेलीच, पण बरीच वर्षे तुरुंगात. त्याची बायको ठाण्याच्या फाटकाशी येऊन बसली होती. ती रडत नव्हती, नुसती माझ्या खोलीच्या दाराकडे बघत होती. तिच्यासमोरून ये-जा करणे मला जड जाऊ लागले.

खरे सांगतो, मला तो माणूस आवडला होता. पोलिसाने आवडीनिवडीवर जाऊ नये, ठीक आहे. पण ज्याला विमान पाडायचे तो अंधारात खणेल, सब्बल म्हणजे पहार लपवेल, आणि पकडला गेला तर मी नव्हेच म्हणेल. हा तर सगळे कबूल करून एकाच गोष्टीवर कुलूप लावून बसला होता.

दुपारी जमादाराला घेऊन मी पुन्हा पट्टीवर गेलो. ऊन पडले होते, ओल्या जमिनीतून वाफा निघत होत्या आणि सगळे रान डुलकी काढत असल्यासारखे होते. मी त्या वाटेवर बूट आपटत हिंडू लागलो. जमादाराला वाटले असेल, साहेबांचे डोके फिरले. वाटेच्या दुसऱ्या कडेला, पहिल्या खड्ड्याच्या अगदी समोर, माझा बूट भसकन आत गेला. दुसरा खड्डा! तसाच, मऊ मातीने बुजवलेला. दोन्हींच्या मध्ये गाडी-बैल आरामात जाईल एवढे अंतर. आणि मधल्या गवतात काहीतरी चकाकत होते. मी उचलले. बेगडीचा तुकडा.

मी तो जमादाराच्या हातावर ठेवला. "समोरासमोर दोन खड्डे. मध्ये बेगड. तू शेतकऱ्याचा पोरगा. सांग काय ते."

त्याने आधी तुकड्याकडे पाहिले, मग खड्ड्यांकडे. "आयला! साहेब, हे तर तोरन होय!" आणि लगेच स्वतःच मान हलवली. "पन छ्या. त्याच्या हातचं तोरन? होऊच शकत नायी. त्याच्या वस्तीतला मानूस पोळ्याच्या दोरीले हात लावनार नायी."

पोळ्याच्या दिवशी दोन बल्ल्या रोवून आंब्याच्या पानांचे तोरण बांधतात, गावचे बैल त्याखाली जमतात. तोरण तुटले की पोळा फुटला. पण गावचे तोरण गावच्या आखरावर, गुरे जमतात त्या मोकळ्या जागेवर होते, मी स्वतः बंदोबस्ताला उभा होतो. मग इथे रानात, विमानाच्या वाटेवर, हे दुसरे तोरण कोणत्या बैलासाठी?

पट्टीच्या कडेला एकच घर होते. मातीच्या भिंती, पुढे गोठा. दारात एक म्हातारी बसली होती, आणि गोठ्यात एकुलता एक बैल. म्हातारा, हाडे निघालेला, पण शिंगांना सोनेरी बेगड, कपाळावर बाशिंग अजून तसेच.

"माय, हा पोळ्याला गेला नाही का?" मी विचारले.

"गेला ना जी. आपल्या वावरात गेला." तिने हात लांब करून धावपट्टी दाखवली. "थे माहं वावर. सरकारनं वरून डांबर घातलं, पन खाली वावरच हाये ना? मले झोपीत दिसते. कपाशी फुटलेली दिसते, मालक वखर घेऊन जाताना दिसते. त्या लिंबापाशी आमची भाकरीची पाटी ठेवत होतो."

मी तिच्या बाजेवर बसलो. चौकशीला आलोय हे विसरूनच गेलो. तिचा नवरा गेलेला, मूलबाळ नाही. बैलजोडीतला एक उन्हाळ्यात मेला. पोळ्याला जोड्या उभ्या राहतात, एकट्या बैलाला रांगेत कोण घेणार? आणि बाईमाणूस बैल धरून तोरणाखाली उभे राहत नाही, ही तिथली रीत. तिने पोलीस पाटलाला विचारले होते. तो म्हणाला, बुढे, बैल घरीच ठेव, फुकटचं हसू करून घेऊ नको.

"पन आदल्या दिवशी त्याचे खांदे शेकले होते म्या," ती म्हणाली. "हळद-तूप लावलं, त्याच्या कानात म्हनलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आवतन देलं ना जी! मंग त्याले घरी कसं ठेवू? त्याचा आता पुढचा पोळा दिसत नायी मले. म्हनून चौकीदाराले म्हनलं, बापू, माह्या वावरात घडीभर तोरन लावू देशीन का रे?"

"आणि त्याने लावून दिले."

"दोन बल्ल्या गाडल्या, दोरी बांधली. म्या बैल नेला खालून, पूजा केली. मंग त्यानं समदं उपटून टाकलं, कोनाले दिसाले नोको म्हने. काहून जी, काय झालं?"

तिला काहीच माहीत नव्हते. विमान कलंडलेले तिने पाहिले होते, पण चौकीदाराला धरल्याचे कोणी सांगितले नव्हते. मी सांगितले. ती उठली, गोठ्यात गेली, बैलाचे दावे सोडले आणि चालू लागली.

"अहो माय, जबाब आम्ही इथेच घेतो ना!"

"थ्याले इथं एकटा सोडून येऊ का?" तिने मागे न बघता म्हटले.

असा तो बैल ठाण्याच्या आवारात आला. बाशिंग बांधलेला, शिंगे उन्हात चमकताहेत, आणि माझे शिपाई सलाम करावा की हाकलावे या पेचात. चौकीदाराच्या बायकोने उठून त्याला बाजूला जागा करून दिली. कोठडीच्या गजांतून चौकीदाराने ते पाहिले आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला.

"माय, कायले आली तू इथं? जा ना घरी!"

"गुन्हा माहा हाये," म्हातारी मला म्हणाली. "त्याले सोडा, मले घाला आत."

मी कोठडी उघडून त्याला समोर बसवले. "हे आधीच का नाही सांगितलेस, मर्दा? तुरुंगात गेला असतास!"

त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "सांगतलं असतं तं म्हातारीले धरलं असतं तुमी. आन वस्तीत काय तोंड दाखवतो? आमी समद्यायनं शपथ घेतली साहेब, गावाचं तोरन बांधनार नायी. लोक म्हनतीन, नोकरी भेटली अन हा पुन्हा गावकीले लागला."

"मग बांधलेस कशाला?"

"गावाचं नायी बांधलं म्या. गावानं कधी इचारलं होतं का साहेब, बांधतं का म्हनून? हुकूम करत होते. या बाईनं इचारलं मले."

 जमादार, जो सकाळी दोन ठेवून द्यायला निघाला होता, तो उगाच खिडकीबाहेर बघू लागला. कोठडीतल्या माणसासाठी मी चहा मागवला, हे आज लिहायला लाज वाटत नाही.

पण भावनेने केस मिटत नाही. घातपात नव्हता हे मला कळले, तरी विमान मोडले होते आणि डीएसपी साहेबांना उत्तर हवे होते. संध्याकाळी पायलट दवाखान्यातून डोक्याला पट्टी बांधून पुरवणी जबाबासाठी आला. आवारात शिरला आणि जागच्या जागी थिजला. समोर बैल उभा होता.

"ये बैल," तो पुटपुटला, "ये सचमुच है?"

मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिले. मग तो बोलला. सकाळी तो टॅक्सी करत निघाला तेव्हा धुई होती. समोर दिसत नाही म्हणून असे विमान नागमोडी न्यायचे असते, एकदा या बाजूने बघायचे, एकदा त्या बाजूने. शिवाय निघण्यापूर्वी सगळी वाट पायी चालून बघायची असते, पावसानंतर तर नक्कीच. तो चालून बघणार होताच, पण मजूर आले नाहीत म्हणून चिडला आणि तसाच निघाला. आणि वाटेत डावीकडे, धुईत, त्याला सोन्याच्या शिंगांचा बैल दिसला. शेजारी पांढऱ्या लुगड्यातली बाई. दोघेही अगदी स्तब्ध.

"मैं देखता ही रह गया," तो म्हणाला. नागमोडी न्यायचे विसरला. सरळ गेला, आणि खड्ड्यात.

"हे पहिल्या जबाबात का नाही सांगितले?"

तो ओशाळून हसला. डोक्याला मार लागलेला माणूस, त्याने सोन्याच्या शिंगांचा बैल पाहिला म्हटले तर कोण विश्वास ठेवणार? त्यालाही वाटले, भास असेल.

म्हातारी बाजूला बसून ऐकत होती. हिंदी तिला पुरेशी कळली. "म्या तं त्याले माह्या वावरात उडनारं इमान दाखवाले नेलं होतं," ती म्हणाली. "बैल बिथरन म्हनून लांबच उभी होती."

पायलटने आपली चूक जबाबात स्वच्छ सांगितली. चौकीदाराने आपली आधीच सांगितली होती. मी अपघात म्हणून अहवाल पाठवला. डीएसपी साहेब फोनवर भडकले, "बैल? पोळा? ठाणेदार, तुम्ही मला काय वेडा समजता का?" मी म्हटले, "साहेब, या आणि खड्डे बघा." ते खरेच आले. खड्डे पाहिले, बैल पाहिला, म्हातारीच्या हातची शिळी पुरणपोळी खाल्ली आणि अहवालावर सही केली. चौकीदाराला सक्त ताकीद मिळाली, नोकरी राहिली. वस्तीत त्याला लोकांनी जाब विचारलाच. त्याने मला दिले तेच उत्तर त्यांना दिले, आणि मग कोणी पुन्हा विचारले नाही असे ऐकले. पोलीस पाटलाला मात्र मी बोलावून घेतले आणि चांगला फैलावर घेतला. पाहिले ते त्याने खरे सांगितले होते, म्हणून कायद्याने काही करता येत नव्हते. पण त्याच बाईला आपण घरी बसवले होते आणि म्हणून ते तोरण रानात गेले, हे त्याला माझ्या तोंडून ऐकावे लागले.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी म्हातारी ठाण्यात आली. बैल जिवंत होता, तिचा अंदाज चुकला होता. "आवतन देलं जी त्याले," एवढेच म्हणाली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. आता मी काय करू? विमानही आलेले होते. पट्टीवर खड्डा म्हणजे मीच गुन्हेगार.

दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या संध्याकाळी, गावचा बंदोबस्त जमादारावर सोपवून मी पट्टीवर गेलो. पायलट तोच होता. तो हातात छत्री घेऊन त्या वाटेवर सावकाश चालत होता, प्रत्येक पावलाला टाच दाबून जमीन बघत. मला पाहून त्याने छत्री वर केली. चौकीदार दोन बांबू आणि अंबाडीची दोरी घेऊन लिंबाखाली उभा होता, सब्बल न आणता. मी काही बोलायच्या आत त्याने एक बांबू माझ्या हातात दिला. "धरा साहेब. औंदा खंदाचं नायी."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एकच गोष्ट शिकलो असेन तर ती ही: माणूस गप्प बसला म्हणजे तो स्वतःलाच वाचवतोय असे समजू नये. पुष्कळदा तो दुसऱ्या कुणाला तरी वाचवत असतो, आणि ते दुसरे माणूस जवळच, पट्टीच्या कडेला राहत असते. तिथे जाऊन बसले पाहिजे. फोनवर गुन्हे उलगडत नाहीत.

मी वर्दीत, एका बाजूला बांबू धरून. दुसऱ्या बाजूला चौकीदार. मध्ये तोरण. दोघांचे हात भरून आले होते, कारण बाई काही घाई करीत नव्हती. तिने बैलाला ओवाळले, त्याच्या कानाशी काहीतरी बोलली आणि मग दोघे तोरणाखालून, पट्टीखालच्या आपल्या वावरात गेले. उजेड कमी होत होता, शिंगे तेवढी दिसत होती.

"सोडा जी आता, पोळा फुटला," तिने पलीकडून हाक दिली.

चौकीदाराने बांबू खाली ठेवला. मी मात्र तसाच धरून उभा होतो.